डाव्या बाजूची हळद

गाडी घेतली तेव्हा कावू सहा महिन्यांची होती, आणि वॉरंटीचं चौसष्ट पानी पुस्तक मी तिला पाजता पाजता वाचून काढलं. शार्दूल, माझा नवरा, हसायचा. "ओवी, ते कुणी वाचत नाही. ज्यानं लिहिलं त्यानंही परत वाचलं नसेल." मी पेन्सिल घेऊन वाचलं. कशाची हमी आहे त्याखाली सरळ रेघ, कशाची नाही त्याखाली नागमोडी. पुस्तक संपलं तेव्हा नागमोडी रेघाच जास्त होत्या.

हमी मुख्यतः होती कातीची. गाडीच्या बाहेरच्या आवरणाला कंपनीनं भलंमोठं नाव दिलंय, पण साताऱ्यात सगळे कातच म्हणतात. पत्र्यावर चार मिलिमीटरचा थर असतो. त्यात रेणूंच्या असंख्य कड्या असतात आणि प्रत्येक कडीत एक जोड मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. गाडी कुठे घासली की बाकी काही तुटायच्या आत तो कच्चा जोड सुटतो, आणि घासण्याचा जोर तिथेच खर्ची पडतो. मग उन्हात गाडी तापली की सुटलेली टोकं पुन्हा जुळून येतात. दोन दिवसांत ओरखडा नाहीसा. मोठी धडक बसली तर मात्र लाखो कड्या एकदम सुटतात, थर दगडासारखा ताठ होतो आणि आतल्या माणसाभोवती कवच धरतो. त्या कवचासाठीच मी हट्टानं ही गाडी घ्यायला लावली होती. अंगावर पिणारं मूल असलं की रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक आपल्याच रोखानं येतोय असं वाटतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात बारीक टायपात होती. सुटलेली सगळीच टोकं बरोबर जुळत नाहीत. शंभरातली चार-पाच भलत्याच टोकाला जाऊन चिकटतात. ही चुकीची जोडी साध्या उजेडात दिसत नाही, निळ्या दिव्याखाली हिरवी चमकते. म्हणजे ओरखडा भरला तरी व्रण राहतो. कालांतरानं त्याची चमक ठरावीक गतीनं कमी होते, म्हणून तो कधीचा आहे हेही यंत्राला कळतं. हाच थर सीटच्या गादीत असतो, स्टिअरिंगच्या वेटोळ्यात असतो. कोण बसलं, किती वजनाचं, कुणाच्या मुठीत स्टिअरिंग होतं, सगळं गाडीच्या अंगात उमटत राहतं.

बारा वर्षांची हमी. नेहमीच्या वापरातला कुठलाही ओरखडा, पोचा, कवचाचा कमकुवतपणा, सगळं फुकट दुरुस्त. आता नागमोडी रेघा. बाहेरचा कुठलाही लेप चालणार नाही. कुंकू, हळद, नारळाचं पाणी फक्त बॉनेटवर आखून दिलेल्या चौकोनात. (हा चौकोन कंपनीनं खास आपल्या लोकांसाठी ठेवलाय. पूजेच्या दिवशी गुरुजी तेवढ्यात स्वस्तिक बसवताना घामाघूम झाले होते.) वर्षातून एकदा तपासणी चुकवायची नाही. आणि यादीत नाव नसलेल्या माणसानं गाडी चालवायची नाही.

यादीत तीन नावं होती. माझं, शार्दूलचं आणि आबांचं.

आबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली वीस महाबळेश्वरच्या घाटात. एकही अपघात नाही. निवृत्तीला मिळालेली शाल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे शाहूपुरीत राहतात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तीनला सुटते. कावूची बालवाडी बाराला सुटते. तिला आबाच आणतात. पासष्टीपुढच्या चालकानं दर जूनमध्ये डोळ्यांचा दाखला कंपनीला द्यायचा असतो, असं सदतिसाव्या पानावर आहे. या जूनमध्ये मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "झालं ते." मी कागद मागितला नाही. दुधाची तारीख दोनदा बघणारी बाई मी. पण सासऱ्यांना कागद दाखवा कसं म्हणायचं?

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी वार्षिक तपासणीला गाडी घेऊन गेले. सर्व्हिस सेंटर हायवेला लागून आहे. फैयाज मुजावर नावाचा पोरगेला माणूस गाड्या तपासतो, मागच्या दोन्ही वेळी तोच होता. मी बाहेर चहाचा कप घेऊन बसले होते. तो दारात आला.

"मॅडम, जरा आत येता?"

आतली खोली अंधारी होती. त्यानं निळा दिवा लावला. उजवी बाजू स्वच्छ होती. माशीएवढे दोन-चार हिरवे ठिपके. तो मला वळसा घालून डावीकडे घेऊन गेला.

डाव्या बाजूला पुढच्या चाकावरून मागच्या दारापर्यंत हिरवे पट्टे होते. लांब, ओले वाटावेत असे. मी मोजले. अकरा.

"एवढे व्रण?" मी म्हटलं.

"व्रण खाली आहेत. वरचं वेगळं आहे. व्रणाची कड फाटलेली असते, हे कसं, सारवल्यासारखं आहे." त्यानं बोट घासलं, नाकाशी नेलं आणि त्याला हसू आवरेना. "मॅडम, हळद आहे. तेलातली हळद. निळ्या दिव्यात हळदही अशीच चमकते. मी इथं गाडीला टूथपेस्ट लावलेली बघितलीय, एकानं तर कोरफड लावली होती. हळद पहिल्यांदाच."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक पट्ट्यात बोटांच्या चार रेघा होत्या. तीन लांब आणि कडेची एक आखूड. आबांच्या उजव्या हाताची तर्जनी पेराएवढी कमी आहे, एसटीच्या बॉनेटमध्ये गेली.

गाडी घरी आणली त्या दिवसाचं त्यांचं बोलणं मला आठवलं. "म्हणजे हिला जखम झाली तर आपोआप भरती?" आणि मग, "हळद लावली तर दोन दिवस आधी भरंल." आम्ही सगळे हसलो होतो. ते हसले होते की नाही, मी पाहिलं नव्हतं.

"याचं नुकसान काय?" मी विचारलं. उत्तर मला साधारण माहीत होतं.

"तेल आत मुरलंय. सुटलेल्या टोकांवर तेलाचा पडदा बसला की ती जुळत नाहीत. पुढचं ठीक आहे, पण हे मागचं डावं दार..." त्यानं एक छोटं यंत्र दाराला टेकवलं आणि आकडा मला दाखवला. "मोठी धडक बसली तर हे दार कवच धरणार नाही."

मागच्या डाव्या दाराआत कावूची सीट आहे.

त्यानं दिवे लावले, टेबलाशी बसवलं, पाणी दिलं. मग फॉर्म पुढे केला आणि आवाज थोडा खाली आणला. "दोन रस्ते आहेत. साधा दावा केलात तर चालकाचं नाव तुम्ही लिहायचं, कंपनी विश्वास ठेवते. हळद मी स्पिरिटनं पुसतो, मी काही बघितलं नाही. डावी बाजू सगळी नवी, तीन दिवसांत. जुनी कात वितळवून टाकतो. विषय संपला."

"आणि दुसरा?"

"पूर्ण वाचन. कधी लागलं, कुणाच्या मुठीत स्टिअरिंग होतं, सीटवर कोण होतं, सगळं. पण ते एकदा उघडलं की दाव्याला जोडलं जातं, मला मागे घेता येत नाही. यादीबाहेरचा चालक निघाला तर हा दावा तर गेलाच, उरलेली नऊ वर्षंही गेली." तो घुटमळला. "यादीत आता दोनच नावं आहेत, मॅडम. आजोबांचा दाखला जूनमध्ये आलाच नाही."

मी बाहेर येऊन शार्दूलला फोन लावला. तो महिन्यातले तीन आठवडे चेन्नईला असतो.

"तुझं नाव लिही की," तो लगेच म्हणाला. "त्यात विचार कसला करतेस?"

"शार्दूल, अकरा वेळा घासलीय. सगळी डावीकडे."

"शाळेची ती गल्ली आठव. दगडी भिंत आहे. मीसुद्धा घासीन तिथं."

"आबा पंधरा टनांची बस घाटात मागे घ्यायचे."

त्याच्या मागे कुठलंसं मशीन चालू होतं. "ओवी, त्यांना काही बोलू नकोस हं. आई गेल्यावर त्यांच्याकडे राहिलंय काय? कावू आणि ती किल्ली. तुझं नाव लिही, दार नवीन होईल. दार नवीन व्हायला हवंय ना तुला?"

हवंच होतं. मला ते दार कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवं होतं. फोन ठेवून मी पार्किंगच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि दोन्ही बाजू तोलत राहिले. माझं नाव लिहिलं की तीन दिवसांत दार धड. पण जुनी कात वितळली की त्या अकरा वेळांपैकी कितीदा माझी मुलगी त्या सीटवर होती, ते या जन्मात कळणार नाही. आबांना विचारलं तर ते "नव्हती" म्हणतील. "झालं ते" म्हणाले तसंच. आणि सोमवारी बारा वाजता तेच परत तिला आणायला जातील.

मी आत गेले. "पूर्ण वाचन करा."

फैयाज क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "घरी विचारलंत ना?"

"विचारलं."

वीस-बावीस मिनिटं लागली. एका लांब दांडीला लावलेला दिवा गाडीभोवती सावकाश फिरला, मग आत, स्टिअरिंगवर, सीटवर. मी काचेतून बघत होते. कावूच्या सीटवर दिवा आला तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

त्यानं पडद्यावर तक्ता आणला. पहिला ओरखडा एकोणीस जूनचा, शेवटचा मागच्या मंगळवारचा. मूठ ना माझी, ना शार्दूलची. वेळ प्रत्येकदा एकच्या आसपास.

"आणि मागची सीट?" मी विचारलं.

"रिकामी."

"अकराही वेळा?"

"अकराही वेळा." त्यानं तक्ता खाली सरकवला, परत वर नेला. "मॅडम, हे जरा विचित्र आहे. एकोणीस जूनपासून दुपारी गाडी शाळेकडून घरी रोज आलीय. पण मागच्या सीटवर एकदाही वजन नाही. तुम्ही स्वतः चालवता तेव्हा तेरा किलो दाखवतंय. दुपारी शून्य."

पाच महिने रोज बाराला माझी मुलगी शाळेतून निघत होती आणि गाडीत नव्हती. मग होती कुठे?

बालवाडीच्या मोहिते बाईंना शनिवारची सुट्टी. मी त्यांना घरी फोन लावला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अहो, आजोबा येतात की न्यायला! बाराच्या ठोक्याला."

"गाडीनं?"

"गाडी असते हो, पण ती लिंबाखाली लावून ठेवतात. हिला खांद्यावर बसवतात आणि चालत सुटतात. मग पाऊण तासानं एकटेच येऊन गाडी घेऊन जातात. आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. का हो, काही झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही झालं."

कावूनं मला सांगितलं होतं. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. "आई, आज पण गाडी झोपली होती." मी म्हणत असे, हो का, मग तिला पांघरूण घातलंस का? डोळ्यांत तेल घालून मुलीवर लक्ष ठेवणारी मी, तिचं बोलणं तेवढं ऐकत नव्हते.

गाडी तिथेच ठेवावी लागली. निघताना फैयाजनं फॉर्म हातात दिला. वाचन उघडलं की नाव मालकानं लिहून चालत नाही. ज्यानं गाडी चालवली त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं असतं. रिक्षात मी तो मांडीवर धरून बसले. वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी.

आबा आणि कावू अंगणात मटार सोलत होते. म्हणजे आबा सोलत होते आणि कावू खात होती.

"गाडी कुठाय?" आबांनी विचारलं.

"सेंटरला ठेवलीय. डावी बाजू खराब आहे." मी पायरीवर बसले. "कावू, आत जा बाळा, टोपली घेऊन ये अजून एक."

"आहे की टोपली."

"दुसरी, निळी. शोधावी लागेल."

ती पळाली. आबांनी एक शेंग उचलली, सोलली नाही.

"हळद दिसली," मी म्हटलं.

"पुसत होतो की मी."

"निळ्या दिव्यात दिसते."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पोरगी न्हवती गं गाडीत."

"माहितीये. मोहिते बाई बोलल्या."

"जूनला दाखल्यासाठी गेलो ना. डॉक्टर म्हणाला, डोळं चांगलं हाईत तुमचं. मागं मेंदूत बारीक गुठळी येऊन गेलीया. डावीकडचं अर्धं गेलं." त्यांनी हात डोळ्यासमोर धरून हळूहळू डावीकडे नेला. "इथपर्यंत हात हाय. इथनं पुढं नाही. दोन्ही डोळ्यांचं तसंच. मला वाटलं हुतं चष्मा बदलला की जाईल."

"गोळ्या दिल्यात?"

"घेतोय. देवाच्या कपाटात हाईत, तू ते उघडत नाहीस."

"आबा!"

"मग काय करू? त्या दिवशी ठरवलं, पोरीला ह्यात बसवायची नाही. चालत दीड किलोमीटर. काय लांब हाय? शेजारणीकडं तिला सोडायची नि गाडी आणायला परत जायचं."

"मग गाडी न्यायचीच कशाला?"

"नेली नसती तर तू विचारलं असतंस." ते हसले, पण माझ्याकडे बघून नाही, त्या शेंगेकडे बघून. "आणि मला वाटायचं, रोज थोडी थोडी चालवली तर सवय हुईल. मान जास्त वळवायची एवढंच. घाटात मी धुक्यात चालवलीया, नुसत्या अंदाजावर."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. रिक्षात मी वाक्यं जुळवली होती. पण खांद्यावर बसलेली कावू, तिचे दोन पाय त्यांच्या हातांत, उन्हातून दीड किलोमीटर, मग परत तेवढंच एकट्यानं, हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तरी जे बोलायचं होतं ते बोललेच.

"आबा, आपली पोरगी गाडीत नव्हती. पण एक वाजता दुसरी शाळा सुटते. त्या गल्लीत दुसऱ्यांच्या पोरी असतात. डावीकडून चालतात."

त्यांनी वर पाहिलं नाही. हातातली शेंग तशीच ठेवून दिली. कुंपणावर एक बुलबुल येऊन बसला होता, डावीकडे. त्यांना तो दिसला नसणार.

"भिंत हुती," ते शेवटी म्हणाले. "अकराही बारीला भिंतच हुती."

"हो."

"भिंतच हुती हे माझं नशीब." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि आमच्या मध्ये पायरीवर ठेवली. एसटीचं बोधचिन्ह असलेली त्यांची ती जाड पितळी साखळी तेवढी काढून घेतली. "शार्दूलला ठाऊक हाय?"

"वाचनाचं नाही. तो म्हणत होता, मी माझं नाव लिहावं, मग सगळं फुकट होईल."

"आणि तू?"

"मला कळायला हवं होतं, कावू आत होती का."

"मग हमी?"

"गेली. सगळी. दार आपण करून घेऊ. बाकी गाडी हमीशिवाय चालवायची सवय करू."

"माझ्यापायी."

"माझ्यामुळे. मी वाचन उघडायला लावलं." हे मी समजूत काढायला म्हटलं नाही, खरंच तसं होतं. "सोमवारी डॉक्टरांकडे मी येतेय. आणि कावूला तुम्हीच आणायचं. चालत. गल्लीत भिंतीच्या बाजूनं, तुमची डावी बाजू भिंतीला ठेवून."

"हे मला शिकवतीस?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जरा धार आली. "पाच महिनं तसंच आणतोय."

कावू आतून ओरडली, निळी टोपली नाहीये म्हणून. घरात निळी टोपली नव्हतीच. "बघ, बघ अजून," आबा म्हणाले आणि माझ्याकडे हात पुढे केला. "आण तो कागद."

मी फॉर्म त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, पेन दिलं. "गाडी कोण चालवत होतं, इथे नाव लिहायचं. या चौकोनात."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि जबाबदारीनं, सावकाश, एसटीच्या लॉगशीटवर लिहीत असतील तसं लिहायला घेतलं. सुरुवात केली ती चौकोनाच्या बरोबर मधून. डावा अर्धा भाग कोरा. 'दिगंबर' कसंबसं मावलं, 'यशवंत' चौकोनाबाहेर गेलं, 'ढाणे'ला कागदच उरला नाही. ते थांबले. पेन हवेत धरून कागदाची उजवी कड बघत राहिले.

"जागा कमी ठेवलीया की ह्यांनी," ते म्हणाले.

मी फॉर्म उलटा केला, मागची कोरी बाजू वर आणली, आणि त्यांच्या गुडघ्यावर कागद उजवीकडे सरकवत नेला, त्याची डावी कड त्यांना दिसेपर्यंत.